नातू बंधूंवर न चाललेला खटला

१८९७ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस मुंबई सरकारने काही दिवसांच्या अंतराने तीन माणसांना पकडलं. पहिले बाळ गंगाधर टिळक. दुसरे आणि तिसरे पुण्याचे सरदार बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू, सख्खे भाऊ. टिळकांच्या अटकेबद्दल आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. नातू बंधूंची नावं मात्र बहुतेकांनी ऐकलेलीही नसतात. आणि मला तर त्यांचीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती अजून संपलेली नाही.

आधी पार्श्वभूमी. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. घरोघरी गोरे सोल्जर शिरत, माणसांना बाहेर काढत, सामान रस्त्यावर आणून जाळत. प्लेग कमिटीचा प्रमुख होता वॉल्टर रँड. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परत येताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याच्यावर आणि लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. मारेकरी सापडत नव्हते. चापेकरांचं नाव पुढे यायला अजून अवकाश होता. सरकार बिथरलं होतं आणि पुण्यात मोठा कट शिजतो आहे अशी त्याची खात्री झाली होती.

टिळकांवर राजद्रोहाचं कलम लागलं. नातू बंधूंवर कोणतंच कलम लागलं नाही. प्लेगच्या काळात सोल्जरांच्या वागण्याबद्दल तक्रारी करणाऱ्यांत ते होते, आणि सरकारचा त्यांच्यावर संशय होता. एवढंच.

पुढे काय झालं ते बघा. टिळकांना वकील मिळाला. आधी जामीन नाकारला गेला होता, पण ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो दिला. आरोपीला तुरुंगात ठेवलं आणि शेवटी तो निर्दोष ठरला तर तो अन्याय भरून कसा काढणार, असा त्यांचा विचार होता. मग खटला चालला, नऊ जणांच्या ज्यूरीपुढे. सहा युरोपियन ज्यूरर म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष. न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी दीड वर्षाची सक्तमजुरी दिली. हा खटला पक्षपाती होता असं आपण म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण आज आपण तसं म्हणू शकतो, कारण खटला झाला. आरोप काय होता, पुरावा काय होता, कोण काय बोललं, सगळं कागदावर आहे.

नातूंच्या बाबतीत असा कागदच नाही. त्यांना आरोप सांगितला गेला नाही, न्यायाधीशापुढे उभं केलं गेलं नाही. रँडच्या खुनाशी त्यांचा संबंध कोणत्याही कोर्टात कधी सिद्ध झाला नाही, कारण तो सिद्ध करायचा प्रयत्नच कोणी केला नाही. दामोदर चापेकर पकडले गेले, त्यांच्यावर खटला चालला, १८ एप्रिल १८९८ रोजी ते फासावर गेले. तरी नातूंच्या अटकेचं कारण सरकारने सांगितलं नाही. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला भरलेल्या काँग्रेसने याचा निषेध केला, ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारले गेले. यथावकाश त्यांना सोडलं गेलं. कशासाठी धरलं होतं, याचं उत्तर मात्र त्यांना न्यायालयाकडून कधीच मिळालं नाही.

पुरावा नाही, म्हणून हा कायदा

नातूंना ज्याखाली धरलं तो मुंबई इलाख्याचा १८२७ चा पंचविसावा रेग्युलेशन. त्याचा थोरला भाऊ म्हणजे बंगालचा १८१८ चा तिसरा रेग्युलेशन. हा बंगालचा कायदा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याच्या प्रामाणिकपणानेच थबकले. प्रस्तावनेतच सरळ सांगितलं आहे की काही माणसं अशी असतात, ज्यांच्यावर खटला भरण्याइतका आधार सरकारपाशी नसतो, किंवा खटला भरणं सोयीचं नसतं, तरी राज्याच्या सुरक्षिततेसाठी त्यांना बंदिस्त करावं लागतं. म्हणजे पुरावा कमी पडतो ही या कायद्याची अडचण नव्हती. पुरावा कमी पडतो म्हणूनच तो केला होता.

त्यात आणखीही काही होतं. अशा कैद्याला 'राजबंदी' म्हटलं जाई. ज्याच्या ताब्यात तो असेल त्या अधिकाऱ्याने दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला त्याची तब्येत आणि वागणूक यांचा अहवाल वर पाठवायचा. कैद्याने अर्ज लिहिला तर तो पुढे धाडायचा. त्याच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहाला पैसे पुरतात का ते कळवायचं. म्हणजे कैद्याची काळजी घ्यायची, पण त्याचं म्हणणं ऐकणाराही सरकारच आणि त्याला आत टाकणाराही सरकारच. तिसरं कोणी मध्ये नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा येईल.

या बंगालच्या रेग्युलेशनने किती मोठी माणसं गिळली ते पाहिलं की चकित व्हायला होतं. १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि सरदार अजितसिंग यांना पंजाबातून उचलून थेट ब्रह्मदेशात मंडालेला नेलं. नोव्हेंबरात सोडलं. आरोप नाही, खटला नाही. १९०८ च्या डिसेंबरात बंगालमधल्या अश्विनीकुमार दत्त, कृष्णकुमार मित्र अशा नऊ पुढाऱ्यांना दूर धाडलं. १९२४ मध्ये सुभाषचंद्र बोसांना धरलं. तेही मंडालेला गेले आणि तब्येत ढासळल्यावर १९२७ मध्ये सुटले. कारण प्रत्येक वेळी तेच: दहशतवादी कटाचा संशय, आणि साक्षीदार कोर्टात आणणं धोक्याचं.

ना दलील, ना वकील, ना अपील

१९१९ चा रौलट कायदा तुम्हाला जालियनवाला बागेमुळे माहीत असेल. न्यायमूर्ती सिडनी रौलट यांच्या समितीने क्रांतिकारकांच्या चळवळीचा अभ्यास करून सुचवलेला हा कायदा. युद्धकाळात सरकारने घेतलेले जादा अधिकार शांततेतही चालू ठेवायचे, हा त्याचा गाभा. विशेष न्यायालयं, ज्यूरी नाही, अपील नाही, आणि निव्वळ संशयावरून माणसाला डांबण्याची मुभा. त्याच्या निषेधार्थ जिनांनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला. गांधीजींनी देशव्यापी सत्याग्रह पुकारला.

लोकांनी या कायद्याचं वर्णन तीन शब्दांत केलं: ना दलील, ना वकील, ना अपील. मला ही घोषणा कायद्याच्या कोणत्याही जाड पुस्तकापेक्षा नेमकी वाटते. कैद्याला काय हवं असतं? माझ्यावर काय आरोप आहे ते कळावं, त्यावर मला बोलता यावं. माझ्या बाजूने बोलणारा कोणी जाणकार असावा. आणि चूक झाली तर ती दुरुस्त करणारा वर कोणीतरी असावा. दहशतवादाच्या संशयितांच्या हक्कांची सगळी चर्चा आजही या तीन गोष्टींभोवतीच फिरते.

याच काळातली एक कमी सांगितली जाणारी हकिगत. १९४२ च्या चळवळीनंतर हजारो लोक भारत संरक्षण नियमांखाली खटल्याविना आत होते. मुंबईच्या केशव तळपदे यांचं प्रकरण दिल्लीच्या फेडरल कोर्टापर्यंत गेलं. एप्रिल १९४३ मध्ये सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टाने निकाल दिला की ज्या नियमाखाली हे लोक डांबले आहेत तो नियमच कायद्याच्या बाहेर जातो. इंग्रज न्यायाधीश, इंग्रजांचं राज्य, महायुद्ध ऐन भरात, आणि तरी हा निकाल. सरकारने काय केलं? काही दिवसांतच वटहुकूम काढून झालेल्या स्थानबद्धता कायदेशीर ठरवून टाकल्या. कोर्टाने दार उघडायचं आणि सरकारने नवा कायदा करून ते लावून घ्यायचं, हा खेळ इथूनच आपल्या ओळखीचा झाला.

आपलं राज्य, आपली घटना

संविधान सभेत बसलेल्यांपैकी कित्येकांनी स्वतः असा तुरुंग भोगला होता. ते तरी हे सगळं मोडीत काढतील असं वाटतं. तसं झालं नाही. फाळणी, दंगली, तेलंगणातलं सशस्त्र बंड हे सगळं डोळ्यांपुढे होतं. मसुद्यातली 'ड्यू प्रोसेस' ही अमेरिकी धर्तीची शब्दयोजना गळली आणि तिच्या जागी 'कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती' आली. म्हणजे संसदेने कायदा केला असला की पुरे. यावर टीका झाली तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी भरपाई म्हणून एक नवं कलम आणलं. तेच आजचं कलम २२.

हे कलम दोन तोंडांचं आहे. पहिल्या भागात तुमचे हक्क: अटकेचं कारण सांगायलाच हवं, तुमच्या पसंतीचा वकील घेता यायला हवा, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायला हवं. दुसऱ्या भागात अपवाद: प्रतिबंधात्मक स्थानबद्धता असेल तर यातला वकिलाचा आणि चोवीस तासांचा हक्क लागू नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं तर सल्लागार मंडळाचं मत घ्यायचं आणि कैद्याला कारणं कळवायची, पण लोकहिताला बाधक वाटली ती माहिती द्यायची नाही. मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच खटल्याविना कैदेची तरतूद आहे, हे मी पहिल्यांदा कळलं तेव्हा दोनदा वाचून खात्री करून घेतली होती.

घटना अमलात येऊन महिना-सव्वा महिना होतो न होतो तोच पहिल्या स्थानबद्धता कायद्याखाली कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या कैदेचा नवा हुकूम निघाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये बहुमताने त्यांची कैद वैध ठरवली. कार्यपद्धती न्याय्य आहे का हे बघणं आपलं काम नाही, अशी ती भूमिका होती. ती बदलायला १९७८ चं मनेका गांधी प्रकरण उजाडावं लागलं.

त्याआधी आणीबाणी येऊन गेली. शहा आयोगाच्या आकड्यांनुसार मिसाखाली सुमारे ३५ हजार माणसं आत गेली. अनेक उच्च न्यायालयांनी बंदी प्रत्यक्षीकरणाचे, म्हणजे हेबियस कॉर्पसचे, अर्ज ऐकायची तयारी दाखवली, तेव्हा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं की एखाद्या पोलिसाने वैरापोटी माणसाला ठार मारलं, तरी दाद मागता येणार नाही का? उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी सरकार जिंकलं. एकटे खन्ना विरोधात होते, आणि त्याची किंमत म्हणून त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. बहुमतातल्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या निकालात तो निर्णय चुकीचा म्हणून रद्द करणाऱ्या न्यायाधीशांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. हे वर्तुळ पूर्ण व्हायला ४१ वर्षं लागली. १९७८ च्या घटनादुरुस्तीने एक गोष्ट मात्र पक्की केली: आणीबाणीतही जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आता गोठवता येत नाही.

खटला आहे, पण चालत नाही

इथून पुढे कथेचं रूप बदलतं, आणि ते नीट पाहायला हवं. १९८५ आणि १९८७ चा टाडा, २००२ चा पोटा, आणि २००४ व २००८ मध्ये दुरुस्त्या करून धारदार केलेला यूएपीए. हे कायदे रेग्युलेशनसारखे नाहीत. इथे आरोप असतो, वकील असतो, न्यायाधीश असतो. कागदावर नातूंना जे मिळालं नाही ते सगळं असतं. मग अडतं कुठे?

दोन जागी. साध्या गुन्ह्यात ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. यूएपीएमध्ये ही मुदत न्यायालयाच्या परवानगीने १८० दिवसांपर्यंत वाढते. टाडात तर ती सुरुवातीला एक वर्षापर्यंत जाई. दुसरी जागा जामिनाची. आरोप सकृतदर्शनी खरा वाटण्याजोगा आहे असं न्यायालयाला दिसलं की जामीन द्यायचा नाही, असं कलम ४३ ड (५) सांगतं. २०१९ च्या वटाली निकालाने या टप्प्यावर पुराव्याची खोलात चिकित्सा करायलाही मर्यादा घातली. म्हणजे सरकारी बाजूचे कागद जवळजवळ जसेच्या तसे मानायचे, आणि ते खरे की खोटे हे खटल्यात ठरेल. खटला मात्र वर्षानुवर्षं उभा राहत नाही.

तय्यबजींनी १८९७ मध्ये विचारात घेतलेला प्रश्न आठवतो? माणूस निर्दोष ठरला तर काय? आजच्या कायद्याने हा प्रश्न विचारण्याची जागाच आक्रसून टाकली आहे. जामिनाचं दार पूर्वीही सताड उघडं होतं असं नाही. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी ज्यांनी वकील म्हणून युक्तिवाद केला ते दिनशा दावर १९०८ मध्ये न्यायाधीश झाले होते, आणि त्यांनी टिळकांना जामीन नाकारला. पण तो खटला काही आठवड्यांत संपला. आजची वाट फार लांबची आहे.

किती लांबची, ते मालेगावात बघता येतं. ८ सप्टेंबर २००६ रोजी तिथे स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. नऊ मुसलमान पुरुषांना अटक झाली. त्यातल्या सात जणांना जामीन मिळाला २०११ मध्ये. २०१६ च्या एप्रिलमध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं, तोवर एक जण वारला होता. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. या वेळी पकडले गेले ते हिंदू. त्यातल्या एका लष्करी अधिकाऱ्याला जामीन मिळायला सुमारे नऊ वर्षं लागली. आरोप निश्चित व्हायलाच २०१८ उजाडलं. ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी सुटले.

यातला कोणता गट तुम्हाला 'आपला' वाटतो हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. दोन्ही गटांची वर्षं सारख्याच पद्धतीने गेली. आणि ज्यांची माणसं स्फोटात गेली त्या मालेगावकरांना दोन्ही वेळा काय मिळालं? दीर्घ कैद म्हणजे पीडितांना न्याय, असं आपण गृहीत धरतो. इथे कैदही झाली आणि न्यायही मिळाला नाही.

आणखी एक नाव घ्यायला हवं. एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झालेले फादर स्टॅन स्वामी. वय ८३, पार्किन्सनने हात थरथरायचे, पाणी प्यायला नळी असलेला पेला मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. खटला सुरूही झाला नव्हता. ते दोषी होते की निर्दोष, हे कोणतंही न्यायालय आता सांगू शकणार नाही. त्यांच्याबद्दल वाचताना मला तो १८१८ चा रेग्युलेशन आठवला, दर १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्याच्या तब्येतीचा अहवाल मागणारा.

यावर नेहमी एक उत्तर येतं, आणि ते हलक्यात घेण्यासारखं नाही. दहशतवादी कट उघडकीला आणणं कठीण असतं, साक्षीदार घाबरतात, स्फोट होईपर्यंत थांबून चालत नाही. १९९३ आणि २००८ पाहिलेल्या मुंबईला हे सांगायची गरज नाही. पण त्याच मुंबईत अजमल कसाबवर खटला चालला. त्याच्या हातात बंदूक जगाने पाहिली होती, तरी त्याला वकील दिला गेला. नोव्हेंबर २००८ मध्ये पकडला, मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाचा निकाल, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा, आणि नोव्हेंबरात येरवड्यात फाशी. म्हणजे दहशतवादाचा खटला आहे म्हणून तो रखडलाच पाहिजे असं काही नाही. सरकारने मनावर घेतलं तर तो चालतो.

न्यायालयांनीही अलीकडे काही दारं किलकिली केली आहेत. २०२१ च्या के. ए. नजीब निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आरोपी पाच वर्षांहून जास्त काळ आत आहे, २७६ साक्षीदार अजून तपासायचे आहेत, अशा वेळी यूएपीएचं कलम काहीही म्हणो, घटनात्मक न्यायालय जामीन देऊ शकतं. २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात ठरलं की यूएपीएखालीही अटकेची कारणं आरोपीला लेखी द्यावीच लागतात. ती दिली नव्हती म्हणून अटकच बेकायदा ठरली.

ही कारणं लेखी द्यायची गोष्ट वरवर किरकोळ वाटेल. मला ती सगळ्यांत मोठी वाटते. कागदावर कारण आलं की ते वकिलाला वाचता येतं, न्यायाधीशाला तपासता येतं, वर्तमानपत्राला छापता येतं, आणि शंभर वर्षांनी माझ्यासारखीला त्यातली खोट दाखवता येते. टिळकांच्या खटल्याबद्दल आपण आजही भांडू शकतो ते यामुळेच.

म्हणून पुढच्या वेळी मोबाईलवर बातमी येईल की अमुक इतक्या संशयितांना अटक, तेव्हा नावं वाचून आपलं मत बनवायच्या आधी तीन गोष्टी बघा. कारण लेखी दिलं का, वकील भेटला का, आणि खटला कधी सुरू होणार. पहिल्या दोन गोष्टींसाठी शंभर वर्षं भांडण झालं आणि निदान कागदावर त्या मिळाल्या. तिसऱ्या गोष्टीची वाट मात्र आजही बघावी लागते.